उणे पन्नास अंशांत दहा माणसं : बॉम्बर विमानांतला हिवाळा

जून २०२५ मध्ये जर्मनीतल्या कोलोन शहरात दुसऱ्या महायुद्धातले तीन अमेरिकी बॉम्ब सापडले. ते निकामी होईपर्यंत २०,००० हून जास्त लोकांना घरंदारं सोडून बाहेर थांबावं लागलं. जर्मनीत ही बातमी नवी नाही. पाया खणताना, रस्ते उकरताना असे बॉम्ब अजूनही निघतात. बातमीत बॉम्बचं वजन येतं, किती लोक हलवले तेही येतं. तो बॉम्ब ज्या विमानातून पडला त्यातल्या माणसांचं वर काय चाललं होतं, हे मात्र सहसा येत नाही.

आपल्या डोळ्यांसमोर उभं राहतं ते सिनेमातलं चित्र : अंगावर येणारी लढाऊ विमानं, तोफांच्या गोळ्यांचे काळे ढग, धडधडणाऱ्या मशीनगन. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. इंग्लंडहून उडणाऱ्या अमेरिकी जड बॉम्बरांवरच्या पहिल्या वर्ष-सव्वा वर्षात शत्रूच्या माऱ्यात जखमी होऊन जेवढी माणसं उड्डाणातून बाद झाली, त्याहून जास्त माणसं थंडीने बाद झाली. नुसती थंडी असती तर लोकर चढवून निभावता आलं असतं. घात केला तो थंडी आणि ओलावा यांच्या जोडीने. घाम, श्वासातली वाफ, लघवी, बराकीतली ओल, इंजिनाच्या धुरातलं पाणी : जिथे जिथे पाण्याचा अंश होता, तिथे वर गेल्यावर बर्फ झाला आणि काहीतरी बंद पडलं.

कोण, कुठून, कशातून

इथे आपण अमेरिकेच्या आठव्या वायुसेनेचं उदाहरण घेऊ. तिचे तळ इंग्लंडच्या पूर्व भागात होते : थॉर्प अ‍ॅबट्स, बॅसिंगबर्न, मोल्सवर्थ अशी शेतांत वसवलेली डझनावारी विमानतळं. काळ मुख्यतः १९४३-४४ चा हिवाळा, आणि थोडा त्यानंतरचा. विमान बी-१७, म्हणजे चार इंजिनांचं ‘फ्लाइंग फोर्ट्रेस’.

त्यात दहा माणसं असत. पुढे काचेच्या नाकात बॉम्बार्डियर (नेम धरून बॉम्ब सोडणारा) आणि नॅव्हिगेटर (वाट काढणारा). वर कॉकपिटमध्ये पायलट आणि को-पायलट. त्यांच्या मागेच फ्लाइट इंजिनियर. इंजिनांवर लक्ष ठेवायचं आणि डोक्यावरच्या टरेटमधली बंदूकही चालवायची. टरेट म्हणजे बंदुकीसकट फिरणारा घुमट. मधल्या भागात रेडिओ ऑपरेटर. पोटाखाली लोंबणाऱ्या गोल टरेटमध्ये एक गनर, दोन्ही कुशींच्या खिडक्यांशी एकेक, आणि अगदी शेपटीत गुडघे मुडपून बसलेला शेवटचा. बहुतेकांचं वय विशीच्या आसपास. सुरुवातीला एका माणसाने २५ मोहिमा पुऱ्या केल्या की सुटका होई. १९४४ मध्ये हा आकडा आधी ३० आणि मग ३५ झाला.

उणे पन्नास येतं कुठून?

गणित सोपं आहे. वर जाताना दर किलोमीटरला हवा साधारण साडेसहा अंश सेल्सियसने थंड होते. ही विमानं २५,००० फुटांच्या आसपास उडत, म्हणजे सुमारे ७.६ किलोमीटर, एव्हरेस्टच्या माथ्यापेक्षा सव्वा किलोमीटर खाली. ७.६ ला ६.५ ने गुणलं की जवळजवळ ५० येतात. खाली इंग्लंडात शून्य अंश असेल, तर वर उणे पन्नास. उन्हाळ्यात हीच बेरीज-वजाबाकी उणे तीसच्या घरात थांबे. अंगावर येणारा फरक या वीस अंशांत होता.

त्यात वारा. विमान हवेतून ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने जाई, आणि बी-१७ च्या आधीच्या आवृत्त्यांत कुशीच्या खिडक्या उघड्या असत, कारण त्यांतूनच बंदूक बाहेर काढून फिरवायची. इंजिनांची थोडी उष्णता नळ्यांतून पुढच्या भागात आणि रेडिओच्या खोलीत आणलेली असे, तीही बेताची. त्यामागच्या चौघांना काहीच नाही. पायलट कुडकुडत असे. कुशीतला गनर गोठत असे.

सुरुवात ओल्या बराकीत

वरच्या थंडीची तयारी खाली, झोपायच्या जागी चुकत होती. माणसं ‘निसन हट’मध्ये राहत : नालीदार पत्रा अर्धगोल वाकवून जमिनीवर टेकवलेला, दोन्ही टोकांना भिंत, खाली सिमेंटची फरशी. मधोमध एक छोटी लोखंडी शेगडी. तिला कोक लागे, म्हणजे भाजून गॅस काढलेला दगडी कोळसा. तो मोजून मिळे. पेटायला अवघड, आणि रात्री विझला की पत्रा बाहेरच्या हवेइतका थंड. आतल्या माणसांच्या श्वासाची वाफ त्या पत्र्यावर जमून थेंब अंथरुणावर पडत. ठरलेला कोक आठवडा पुरा व्हायच्या आधीच संपे. मग सायकलींवरून अंधारात कोकच्या साठ्याकडे चोरून फेऱ्या होत, आणि पहारेकरीही सगळ्यांनाच पकडत असतील असं वाटत नाही.

पूर्व इंग्लंडचा हिवाळा बर्फापेक्षा चिखलाचा आणि धुक्याचा. शून्याच्या जरा वर, सतत दमट. धुतलेले मोजे दोन दोन दिवस वाळत नसत. जमिनीवर याचा त्रास म्हणजे सर्दी-खोकला. पण हेच किंचित ओले मोजे घालून माणूस वर गेला की गोष्ट वेगळी. कपडे ऊब धरतात ते धाग्यांत अडकलेल्या हवेमुळे. तिथे हवेच्या जागी पाणी शिरलं की सगळं बिघडतं, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. हाताला जेमतेम ओलसर लागणारा मोजा तासाभरात बोटं गोठवू शके.

हे लक्षात यायला वेळ लागला. सुरुवातीला गनर आपले उडायचे कपडे घालून सायकलवर फिरत, त्यांतच बसत, कधी झोपतही. मग कपडे, मास्क आणि हातमोजे तळावर वेगळ्या गरम खोलीत वाळत ठेवायचे, उड्डाणाआधीच हातात द्यायचे आणि परतल्यावर काढून घ्यायचे, ही शिस्त लागली. त्यासाठी स्वतंत्र अधिकारी नेमले गेले. माझ्या मते त्या हिवाळ्यात बोटं वाचवण्याचं श्रेय जेवढं नव्या यंत्रांना, तेवढंच या वाळवणाच्या खोल्यांना द्यायला हवं.

पहाट

मोहीम असेल तर रात्री दोन-तीनच्या सुमारास कोणीतरी टॉर्च घेऊन बराकीत येई आणि नावं पुकारे. पहिलं काम दाढी. कारण छानछोकीचं नव्हे : खुंट वाढलेल्या गालावर रबरी मास्क नीट बसत नाही, फटीतून हवा आत येते, आणि तासन्‌तास घासून कातडी सोलवटते.

नाश्त्याला उडणाऱ्यांना खरी अंडी मिळत, इतरांना पावडरची. शेंगा आणि पोटात वायू धरणारे पदार्थ टाळायचे. २५,००० फुटांवर हवेचा दाब खालच्या दाबाच्या ३७ टक्के इतकाच उरतो, म्हणजे आतड्यात अडकलेला वायू पावणेतीन पट फुगतो. वर पोटात कळ आली तर दरवाजा उघडून बाहेर पडता येत नाही.

मग मोठ्या बराकीत सगळ्यांना एकत्र बसवत. नकाशावरचा पडदा सरकला की लाल दोरा कुठपर्यंत गेलाय ते दिसे. दोरा लांब असेल तर खोलीत सुस्कारे. हवामान अधिकारी ढगांचे थर, परतताना धुकं किती, वर तापमान किती ते सांगे.

त्यानंतर कपडे, आणि इथे क्रमाला महत्त्व. आतून लोकरी बनियन-पायजमा, त्यावर विजेवर तापणारा सूट, त्यावर अंगभर झगा, पायात विजेचे आतले बूट आणि बाहेरून मेंढीच्या कातड्याचे. हातात आधी पातळ रेशमी मोजे, मग विजेचे, मग जाड. वर तरंगायचं जॅकेट आणि पॅराशूटचे पट्टे. साधे चामडी बूट पट्ट्याला बांधून ठेवायचे, कारण पॅराशूट उघडतानाच्या हिसक्याने जड बूट पायांतून निघून जात आणि जर्मनीत उतरल्यावर अनवाणी चालावं लागे. मारा सुरू व्हायच्या आधी पोलादी पट्ट्यांचं कवच चढवायचं. ते आठव्या वायुसेनेचे वैद्यकीय प्रमुख माल्कम ग्रो यांनी तलवारी बनवणाऱ्या विल्किन्सन कंपनीकडून तयार करून घेतलं होतं.

इतके थर अंगावर घेऊन बंदुका, काडतुसांच्या पेट्या उचलायच्या म्हणजे घाम आलाच. म्हणून जुनी माणसं शेवटचे थर विमानाजवळ, अगदी निघताना घालत. घाईने सगळं आधी चढवणारा नवखा जमिनीवर भिजे आणि वर गोठे.

एवढं करून धुकं हटलं नाही तर मोहीम रद्द. ती मोजली जात नसे. हिवाळ्यात असं अनेकदा झालं : तीनला उठा, जेवा, नकाशा बघा, चार तास विमानापाशी थांबा, आणि परत बराकीत. २५ चा आकडा जागच्या जागी.

विजेचा सूट : एक तार तुटली की सगळं थंड

हा सूट म्हणजे कापडात शिवलेल्या तारा. विमानाच्या २४ व्होल्टच्या विजेवर त्या तापत. सुरुवातीच्या सूटमध्ये तारा एकामागोमाग एक, एकाच वेटोळ्यात जोडलेल्या होत्या. वीज डाव्या मोज्यातून पुढे जाऊन बुटात, तिथून उजवीकडे. त्यामुळे कुठेही एक तार तुटली की नुसता तो मोजा नव्हे, अख्खा सूट थंड पडे. आणि तारा तुटत त्या नेमक्या कोपर, गुडघा, घोटा इथे, जिथे अंग वाकतं. सूटची घडी घालून पेटीत कोंबला तरी तुटत. पुढच्या नमुन्यांत जोडणी समांतर केली, म्हणजे एक शाखा गेली तरी बाकीच्या चालू राहत. १९४४ मध्ये सूट पुष्कळ भरवशाचे झाले.

तोवर माणसाने काय करायचं? पाय आपटायचे, बोटं हलवत राहायची, इंटरकॉमवर सांगायचं. कोणी काही मदत करू शके असं नाही. जर्मनीच्या आतपर्यंतची मोहीम आठ तासांची असे आणि त्यातला निम्म्याहून जास्त वेळ वरच्या थंडीत जाई. एका माणसाचा सूट बिघडला म्हणून विमान तुकडी सोडून परतत नसे. एकटं विमान लढाऊ विमानांचं पहिलं सावज.

मास्कमधला बर्फ

१०,००० फुटांच्या वर ऑक्सिजन मास्क लावायचा. २५,००० फुटांवर ऑक्सिजन तुटला तर माणूस तीन ते पाच मिनिटं शुद्धीवर, कामाचा राहतो. वाईट हे की गुदमरल्यासारखं वाटत नाही. उलट हलकं, मजेत वाटतं, आणि त्यातच डोळे मिटतात. शेजारच्याला दिसलं नाही तर तो मेलेलाच सापडतो.

माणूस दिवसाला साधारण ३०० ते ४०० मिलिलिटर पाणी नुसत्या श्वासातून बाहेर टाकतो. थंड कोरड्या हवेत त्याहून जास्त. मास्कमध्ये ही वाफ रबरावर जमे, लाळेत मिसळे आणि ऑक्सिजन आत येण्याच्या तोंडाशीच बर्फ होऊन बसे. भोक हळूहळू बुजत जाई. यावरचा उपाय हाताने करायचा होता : दर थोड्या वेळाने मास्क आणि नळी मुठीत दाबायची, म्हणजे आतला बर्फ चुरडून खाली पडे. कामाच्या धांदलीत गनर हे विसरला तर आठवण करायला ‘ऑक्सिजन चेक’ असे. दर दहा-पंधरा मिनिटांनी को-पायलट किंवा बॉम्बार्डियर इंटरकॉमवर एकेकाला हाक मारी. शेपटीतून उत्तर नाही आलं, की कोणीतरी ऑक्सिजनची छोटी बाटली लावून मागे सरपटत जायचं. ती बाटली काही मिनिटंच पुरे, त्यामुळे मदतीला गेलेलाही वाटेत बेशुद्ध पडण्याची भीती.

बोटं, बंदूक आणि लघवी

फ्रीझरमधून काढलेल्या बर्फाच्या ट्रेला ओलं बोट लागलं की ते चिकटतं; धातू कातडीवरच्या ओलाव्याची उष्णता इतक्या झटकन ओढतो की पाण्याचा तिथेच डिंक होतो. ट्रे उणे अठरा अंशांचा असतो. उणे पन्नासच्या बंदुकीला उघडं बोट लागलं, तर ते सोडवताना कातडी मागे राहायची.

म्हणून नियम होता : मोजे काढायचे नाहीत. पण बंदूक अडकली की जाड मोज्यांनी आतला बारीक भाग हाताळता येत नाही. समोरून विमान येतंय आणि बंदूक मुकी. गनर मोजा काढणारच, आणि बहुतेक काढत. आतला पातळ रेशमी मोजा याचसाठी होता. त्याने मिनिटभर तरी थेट स्पर्श टळे.

बंदूक अडकायचं कारणही बहुधा थंडीच. नेहमीसारखं तेल लावलं तर वर ते घट्ट होऊन हलणारे भाग जखडत. म्हणून ५० कॅलिबरच्या मशीनगन जवळजवळ कोरड्या पुसून, पातळ तेलाचा नुसता हात फिरवून बसवायच्या. परतताना उलटी अडचण. गोठलेली बंदूक खालच्या दमट हवेत आली की तिच्यावर दव धरे आणि गंज चढे. त्यामुळे आठ तासांनी उतरलेला गनर कॉफी आणि झोप यांच्याआधी बंदूक साफ करायला बसे.

लघवीचा प्रश्न चेष्टेचा वाटतो, पण त्याने माणसं रुग्णालयात गेली. विमानात त्यासाठी एक नळी असे. बाहेरच्या टोकाला ती गोठून बुजायची आणि वापरणाऱ्याच्याच अंगावर उलटायची. लोक डबे वापरत, तेही भरून गोठत. पोटाखालच्या गोल टरेटमधला गनर तर तासन्‌तास बाहेरच येऊ शकत नसे. कपड्यांतच लघवी झाली की ती पाठ, मांड्या, कुल्ले यांच्याशी गोठे, आणि सूटच्या तारांनाही बाधे. अशा ठिकाणच्या हिमदंशाच्या नोंदी डॉक्टरांनी केल्या आहेत.

हिमदंश म्हणजे कातडी आणि तिच्याखालचं मांस गोठणं. पहिली खूण दुखणं नव्हे, दुखणं थांबणं. बोट पांढरं, मेणासारखं होतं. माणसाला बरं वाटतं. खाली उतरून ऊब लागली की फोड, सूज आणि आग. जास्त खोल असेल तर बोट काळं पडून काढावं लागतं. बर्फाने चोळायचा जुना समज त्या काळात पुष्कळ प्रचलित होता, आणि तो घातक आहे, कारण पेशींत झालेले बर्फाचे कण चोळल्याने आतून ऊती फाडतात. आजचा उपचार म्हणजे साधारण ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात बुडवून ऊब देणं, आणि पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर तेही न करणं.

गोळी लागलेल्याचे हाल दुप्पट. जखमेसाठी कपडे कापले की सूटची वीज जाई आणि थंडी आत शिरे. मॉर्फिनची छोटी ट्यूब गोठलेली निघे; ती सोबत्याने आधी तोंडात धरून वितळवायची आणि मग टोचायची. त्यातही धोका, कारण मॉर्फिनने श्वास मंदावतो आणि वर आधीच ऑक्सिजन अपुरा.

विमानालाही थंडी वाजते

बी-१७ च्या एका इंजिनात ३७ गॅलन, म्हणजे १४० लिटर तेल. रात्रभर उघड्यावर थंड झालं की ते काकवीसारखं घट्ट; इंजिन फिरतच नाही. म्हणून आदल्या दिवशी इंजिन बंद करण्याआधीच तेलात थोडं पेट्रोल सोडून ते पातळ करत. सकाळी इंजिन तापलं की पेट्रोल उडून जाई. सुरू करण्याआधी मेकॅनिक पंख्याचं पातं हाताने ढकलून तीन पुऱ्या फेऱ्या देत, कारण खालच्या सिलिंडरांत तेल साचलेलं असे, आणि ते तसंच ठेवून सुरू केलं तर आतला दांडा वाकतो. टाक्या परतल्या परतल्याच भरून ठेवायच्या. रिकाम्या जागेतल्या हवेतली वाफ थंड होऊन पेट्रोलमध्ये पाणी उतरतं, आणि ते पाणी वर नळीत गोठतं.

ही सगळी कामं विमान जिथे उभं असेल तिथे, उघड्यावर, रात्री चालत. मेकॅनिकना मोजे घालून स्पार्क प्लग बसवता येत नसत. उडणाऱ्यांना निदान मोहिमांचा आकडा पुरा झाल्यावर सुटका होती. यांना तीही नव्हती.

पंखांवरचं पांढरं दव कितीही पातळ असलं तरी खरवडून काढायचंच. पंखावरून हवा गुळगुळीत वाहिली तरच विमान उचललं जातं. खरखरीत पृष्ठभागावर ती विस्कटते. आत अडीच टनांच्या आसपास बॉम्ब, दहा हजार लिटर पेट्रोल, आणि धावपट्टी मोजकी. मग ढगांतून चढाई. ढगातलं पाणी शून्याच्या खालीही पुष्कळदा द्रवच असतं, पण काहीही आदळलं की तत्क्षणी बर्फ होतं. पंख्याच्या पात्यांवर अल्कोहोल सोडून तो बर्फ रोखत. पंखांच्या पुढच्या कडेला फुगून बर्फ फोडणारे रबरी पट्टे होते, पण गोळ्यांनी फाटले तर ते फडफडून विमानच अनावर होई, म्हणून अनेक विमानांवरून काढून टाकले होते. शेकडो विमानं एकाच ढगात, एकमेकांना न दिसता, रेडिओच्या खुणेभोवती घिरट्या घालत चढत. टकरी होत, आणि त्यातून कोणी वाचणं विरळा.

वर निळ्या आकाशात पोचल्यावर पाण्याचा आणखी एक प्रताप. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते. उणे पन्नासात तिचे लगेच बर्फकण. प्रत्येक इंजिनामागे एक पांढरी रेघ. शंभर विमानांच्या चारशे रेघा म्हणजे मैलोगणिक लांबून दिसणारी पाटी, आणि मागून येणाऱ्या तुकडीसाठी आंधळं करणारा ढग.

मग खालून का उडत नव्हते?

१०,००० फुटांवर ऑक्सिजन लागला नसता, थंडीही निम्मी. पण जर्मनीच्या ८८ मिलिमीटरच्या विमानविरोधी तोफा खालच्या उंचीवर फार अचूक होत्या. जितकं वर, तितका गोळ्याला पोचायला वेळ आणि नेम चुकण्याची शक्यता जास्त. बी-१७ ची इंजिनं विरळ हवा दाबून घेणाऱ्या टर्बोमुळे त्या उंचीवरही दम धरत. थोडक्यात, बोटं गमावणं हे विमान गमावण्यापेक्षा स्वस्त, असा हिशोब होता. क्रूर वाटतो, पण चुकीचा म्हणता येत नाही.

हिवाळ्यात थांबता आलं नसतं?

जून १९४४ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवायचं होतं, आणि त्याआधी जर्मन लढाऊ विमानदल मोडणं गरजेचं होतं. थांबले असते तर जर्मनीला कारखाने सावरायला अख्खा हिवाळा मिळाला असता. ढगांवर उपाय म्हणून ३ नोव्हेंबर १९४३ ला जर्मनीतल्या विल्हेल्म्सहाफेन बंदरावर पहिल्यांदा एच-टू-एक्स रडारने ढगांतून बॉम्ब टाकले गेले. रडारवर शहर आणि किनारा दिसे, कारखाना नव्हे. त्यामुळे हिवाळ्यातल्या ‘अचूक’ बॉम्बहल्ल्याचा अर्थ पुष्कळदा शहरावर बॉम्ब असा झाला, आणि त्याची किंमत खालच्या नागरिकांनी मोजली. हे त्या हिवाळ्याचं थंडीइतकंच खरं अंग आहे.

हवाई दलाची किंमतही मोठी होती. ११ जानेवारी १९४४ ला एका दिवसात ६० बॉम्बर गेले. ६ मार्चला बर्लिनवर ६९. पुढच्या हिवाळ्यात बेल्जियमच्या आर्देन्स भागातल्या लढाईत आठवडाभर धुक्याने विमानं जमिनीला खिळली होती. ते हटताच २४ डिसेंबर १९४४ ला दोन हजारांहून जास्त जड बॉम्बर एकाच दिवशी पाठवले गेले. त्या मोहिमेचं नेतृत्व करणारे ब्रिगेडियर जनरल फ्रेडरिक कॅसल त्यात मारले गेले. युद्ध संपेपर्यंत आठव्या वायुसेनेची २६,००० हून जास्त माणसं गेली.

ब्रिटिश रात्री उडत, त्यांचं काय?

त्यांची विमानं जरा खालून, एकेकटी, अंधारात जात. लँकॅस्टर विमानात सात माणसं. त्यात मागच्या टरेटमधला गनर सर्वांत गारठलेला, कारण नीट दिसावं म्हणून कित्येकांनी समोरची काच काढून टाकलेली. त्यांचा मोठा हिवाळी शत्रू परतीचं धुकं. १६ डिसेंबर १९४३ च्या रात्री बर्लिनहून परतलेल्या अनेक विमानांना धावपट्टीच सापडली नाही. डझनावारी विमानं इंग्लंडातच कोसळली. काही तळांवर धावपट्टीच्या दोन्ही बाजूंनी नळ्या टाकून त्यांत पेट्रोल जाळत, म्हणजे हवा तापून धुकं विरे. भयंकर उधळपट्टी, पण एका विमानापुढे स्वस्तच. ब्रिटिश बॉम्बर कमांडच्या सव्वा लाख उडणाऱ्यांपैकी ५५,५७३ परतले नाहीत.

विमान बंदिस्त करून तापवायचं सुचलं नाही?

सुचलं होतं, पण बी-१७ ची रचनाच बंदुकांसाठी ठिकठिकाणी उघडी. १९४४ मध्ये कुशीच्या खिडक्यांना पारदर्शक प्लास्टिक बसवून त्यातूनच बंदूक बाहेर काढली. या एका बदलाने वारा थांबला आणि सुधारलेल्या सूटसोबत हिमदंशाचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. आत हवेचा दाब टिकवायचा तर गनर आणि बंदूक वेगळे करावे लागतात. बी-२९ मध्ये तेच केलं : बंदुका बाहेर, माणूस आत, मधे वीज आणि गणकयंत्र. हे विमान पहिल्यांदा मोहिमेवर निघालं ते आपल्याकडून, ५ जून १९४४ ला खडगपूरच्या आसपासच्या तळांवरून बँकॉकवर. तिथे पाऱ्याने उलटी बाजू गाठलेली. धावपट्टीवरच इंजिनं तापून पेटायची भीती. आणि दाब धरणाऱ्या त्या उबदार कॅबिनमध्येही माऱ्याच्या टापूत शिरण्याआधी दाब कमी करून सगळे मास्क चढवत, कारण एका गोळीने भोक पडलं की बाहेरची हवा आत यायला क्षण पुरे.